लीड सिंगल म्हणजे नेमकं कोणतं गाणं? आधी आलेलं, गाजलेलं की अल्बमच्या नावाचं?

'सैराट'मधलं पहिलं गाणं कोणतं, असं कुणी विचारलं तर अनेकांच्या तोंडी 'झिंगाट' हेच नाव येईल. मावळातलं टाकवे बुद्रुक असो की मुंबईतली एखादी सोसायटी, वरातीत हे गाणं लागलं की बाजूला उभं राहिलेले पाहुणेही नाचायला उतरतात. त्यामुळे असं वाटणं स्वाभाविक आहे. पण २९ एप्रिल २०१६ला चित्रपट प्रदर्शित होण्याआधी लोकांसमोर सगळ्यात पहिलं आलं ते 'याड लागलं'.

आधी आलेलं गाणं एक आणि डोक्यावर घेतलेलं गाणं दुसरं, असं अनेकदा होतं. नव्या अल्बमची चर्चा सुरू झाली की कमेंटमध्ये वाद रंगतो, तो याच फरकावरून. 'लीड सिंगल' म्हणजे नेमकं काय, ते ठरवतं कोण आणि मराठी गाण्यांना हा शब्द कितपत लागू पडतो, ते पाहू.

लीड सिंगल म्हणजे काय?

एखाद्या अल्बममधून अधिकृतपणे, स्वतंत्रपणे आणि सर्वांत आधी प्रसिद्ध केलेलं गाणं म्हणजे लीड सिंगल. बहुतेक वेळा ते अल्बमच्या काही आठवडे किंवा महिने आधी येतं. या व्याख्येत तीन अटी आहेत.

१. ते गाणं त्या अल्बमचा भाग असलं पाहिजे.
२. ते 'सिंगल' म्हणून वेगळं प्रसिद्ध झालेलं असलं पाहिजे. म्हणजे ते स्वतंत्रपणे ऐकता किंवा विकत घेता आलं पाहिजे आणि कलाकाराने किंवा कंपनीने त्याला सिंगल म्हटलेलं असलं पाहिजे.
३. अशा सिंगल्समध्ये त्याचा क्रमांक पहिला असला पाहिजे.

गाणं किती गाजलं, हा मुद्दा या यादीत कुठेच नाही. लीड सिंगल ही प्रसिद्धीच्या क्रमावरून मिळणारी ओळख आहे, लोकप्रियतेवरून मिळणारी पदवी नाही.

'सिंगल' हा शब्द आला कुठून?

ध्वनिमुद्रिकांच्या जमान्यातून. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटांचंच ध्वनिमुद्रण मावत असे. आपली जुनी भावगीतं घरोघरी पोहोचली ती अशाच तबकड्यांवरून. १९४८मध्ये अमेरिकेत लाँग प्ले, म्हणजे एलपी तबकडी बाजारात आली आणि अनेक गाणी एकत्र देणं सोपं झालं. पुढच्याच वर्षी ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी आली. मोठी तबकडी म्हणजे अल्बम आणि छोटी म्हणजे सिंगल, अशी विभागणी पुढे रूढ झाली. छोटी तबकडी स्वस्त असायची आणि रेडिओवर वाजवायला सोयीची. लोकांनी आधी एक गाणं ऐकावं, आवडलं तर मोठी तबकडी घ्यावी, असा हा हिशेब होता. आज तबकडी राहिली नाही, हिशेब तोच आहे.

कोणत्या गाण्यांना चुकून लीड सिंगल म्हटलं जातं?

अल्बमच्या यादीतलं पहिलं गाणं, अल्बमच्या नावाचं गाणं म्हणजे टायटल ट्रॅक आणि सगळ्यात गाजलेलं गाणं. या तिन्ही गोष्टी लीड सिंगलपेक्षा वेगळ्या आहेत. कधी त्या जुळून येतात, कधी नाही.

मायकल जॅक्सनचा 'थ्रिलर' हे त्याचं उत्तम उदाहरण. हा अल्बम नोव्हेंबर १९८२मध्ये आला. त्यातल्या नऊपैकी सात गाणी सिंगल म्हणून प्रसिद्ध झाली. लीड सिंगल होतं पॉल मॅकार्टनीबरोबरचं 'द गर्ल इज माइन'. अल्बममध्ये ते पहिलं नव्हतं आणि आज 'थ्रिलर' म्हटल्यावर ते चटकन आठवतही नाही. ज्या 'बिली जीन'ने इतिहास घडवला, ते दुसरं सिंगल. अल्बमच्या नावाचं 'थ्रिलर' तर सातवं आणि शेवटचं.

गाणं गाजलं, त्याच काळात आलं, तरी ते अल्बममध्ये नसेल तर पहिली अटच मोडते. बीटल्सने फेब्रुवारी १९६७मध्ये 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर' आणि 'पेनी लेन' एकाच तबकडीवर दिली. दोन्ही गाणी पुढच्या अल्बमसाठीच्या कामातून तयार झाली होती. पण काही महिन्यांनी आलेल्या 'सार्जंट पेपर'मध्ये त्यांना जागा मिळाली नाही. म्हणून ती त्या अल्बमची लीड सिंगल ठरत नाहीत.

मग प्रमोशनल सिंगल काय असतं?

अल्बमची उत्सुकता टिकावी म्हणून कंपन्या कधीकधी एखादं गाणं आधीच ऐकायला देतात, पण त्याला मुख्य सिंगलसारखी मोहीम देत नाहीत. रेडिओसाठी पाठपुरावा नसतो, मोठा व्हिडिओ नसतो. याला प्रमोशनल सिंगल म्हणतात. ते तारखेने आधी आलं, तरी त्याला सहसा लीड सिंगल धरत नाहीत.

ही रेघ पुसटही होते. लेडी गागाच्या 'बॉर्न धिस वे' अल्बमचं लीड सिंगल त्याच नावाचं गाणं होतं. फेब्रुवारी २०११मध्ये ते आलं. मे महिन्यात, अल्बमच्या तोंडावर, 'द एज ऑफ ग्लोरी' हे गाणं फक्त प्रसिद्धीसाठी दिलं गेलं. प्रतिसाद इतका मिळाला की ते पुढे अधिकृत सिंगल झालं. म्हणजे गाण्याचा दर्जा नंतर बदलू शकतो.

एकाच वेळी दोन गाणी आली किंवा एकही आलं नाही तर?

दोन्ही प्रकार घडले आहेत. एड शीरनने ६ जानेवारी २०१७ला 'शेप ऑफ यू' आणि 'कॅसल ऑन द हिल' ही दोन गाणी एकाच दिवशी प्रसिद्ध केली. ती संयुक्त लीड सिंगल मानली जातात.

याउलट बियॉन्सेने डिसेंबर २०१३मध्ये कसलीही पूर्वसूचना न देता अख्खा अल्बमच आणला. बिली आयलिशने २०२४च्या अल्बमआधी एकही सिंगल दिलं नाही. अल्बम आल्यावर 'लंच' हे गाणं सिंगल म्हणून पुढे केलं. लीड सिंगल अल्बमच्या आधीच यायला हवं असं नाही, सिंगल्समध्ये पहिलं असलं म्हणजे झालं.

मराठी गाण्यांचं काय?

मराठीत प्रत्येक 'पहिल्या गाण्या'ला लीड सिंगल म्हणता येत नाही. 'गीतरामायण' घ्या. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांची ५६ गीतं पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५पासून आठवड्याला एक याप्रमाणे प्रसारित झाली. पहिलं गीत पहिलं आलं, कारण कथेची सुरुवात तिथून होते. पुढचा संग्रह खपवण्यासाठी निवडलेला तो नमुना नव्हता. ती मालिका होती, त्यामुळे तिथे लीड सिंगल हा शब्द बसत नाही.

कॅसेट, सीडी आणि वाहिन्यांच्या काळात चित्र बदललं. वैशाली सामंत आणि अवधूत गुप्ते यांचं 'ऐका दाजिबा' या शतकाच्या सुरुवातीला टीव्हीवरच्या व्हिडिओमुळे घरोघरी पोहोचलं. तेव्हा 'लीड सिंगल' हा शब्द मराठीत फारसा कुणी वापरत नव्हतं, पण ज्या गाण्याचा व्हिडिओ बनवायचा त्याच्यावर सगळी कॅसेट विकायची, हे गणित तेच होतं.

आज मराठीत अल्बमची जागा बरीचशी चित्रपटाने घेतली आहे. 'पहिलं गाणं प्रदर्शित' अशी बातमी येते, ते गाणं लीड सिंगलचंच काम करतं. फक्त ते गाण्यांचा संच विकत नाही, तिकीट विकतं. कोणतं गाणं आधी द्यायचं, हा निर्णय नेहमीच लोकप्रियतेवर होत नाही, हे 'सैराट'च्या हिंदी आवृत्तीत दिसलं. 'धडक'च्या वेळी 'झिंगाट'ची ताकद सगळ्यांना माहीत होती. तरीही जून २०१८मध्ये आधी 'धडक'चं शीर्षकगीत आलं आणि नंतर हिंदी 'झिंगाट'. प्रेमकथेची ओळख प्रेमगीताने करून द्यायची आणि हुकमी पत्ता मागे ठेवायचा, अशी ही मांडणी दिसते.

तिसरा प्रकार एकट्या गाण्याचा. संजू राठोडचं 'गुलाबी साडी' २०२४मध्ये देशभर गाजलं. पण ते स्वतंत्र गाणं म्हणून आलं. मागे अल्बमच नसेल तर गाणं सिंगल असतं, लीड सिंगल नसतं.

टाकवे बुद्रुकच्या एका काल्पनिक अल्बमवरून समजून घेऊ

समजा, टाकवे बुद्रुकमधल्या काही तरुणांनी पाच गाण्यांचा अल्बम करायचं ठरवलं. एक गाणं भातलावणीचं, एक बैलगाडा शर्यतीचं, एक एकवीरा आईचं, एक प्रेमाचं आणि एक पहाटे लोकल पकडायला कान्हे स्टेशन गाठणाऱ्या कामगाराचं.

चैत्रात जत्रा सुरू होतात, म्हणून त्यांनी बैलगाड्याचं गाणं आधी दिलं आणि सोबत जाहीर केलं की पावसाळ्यात अल्बम येतोय. हे लीड सिंगल. जूनमध्ये लावणीच्या तोंडावर भातलावणीचं गाणं दिलं. हे दुसरं सिंगल. मधल्या काळात प्रेमाच्या गाण्याचा ३० सेकंदांचा तुकडा रीलसाठी सोडला. हा टीझर, सिंगल नाही. अल्बम आल्यावर कामगाराचं गाणं सगळ्यांत जास्त ऐकलं गेलं. हे अल्बमचं सर्वांत गाजलेलं गाणं, पण लीड सिंगल मात्र बैलगाड्याचंच.

आता समजा, एकवीरा आईचं गाणं त्यांनी दोन वर्षांपूर्वीच यूट्यूबवर टाकलेलं होतं आणि नंतर अल्बममध्ये घेतलं. तारखेने ते सर्वांत जुनं आहे. पण ते या अल्बमसाठी आलेलं नव्हतं. ते स्वतः त्याला अल्बमचं पहिलं सिंगल म्हणत नसतील, तर बैलगाड्याचं गाणंच लीड धरावं.

ऐकणाऱ्याने खात्री कशी करावी?

• कलाकाराच्या किंवा कंपनीच्या अधिकृत पानावरची घोषणा पाहा. 'या अल्बममधलं पहिलं गाणं' असं तिथे म्हटलंय का?
• व्हिडिओची तारीख आणि गाण्याची तारीख वेगळी असू शकते. आधी ऑडिओ किंवा फक्त शब्दांचा व्हिडिओ येतो, पूर्ण व्हिडिओ नंतर. पूर्ण गाणं पहिल्यांदा कधी ऐकायला मिळालं, ती तारीख धरा.
• स्ट्रीमिंग ॲपवर अल्बमच्या पानावर अल्बमची तारीख दिसते. गाण्याची मूळ तारीख पाहायची तर त्याच गाण्याचं सिंगल म्हणून असलेलं वेगळं पान शोधा.
• व्ह्यूज आणि लाइक्स मोजू नका. ते या प्रश्नाचं उत्तर नाही.

हे माहीत असून फायदा काय?

मोठ्या कंपनीला एक गाणं चुकलं तर दुसरं देता येतं. गावातल्या नव्या कलाकाराचं तसं नसतं. स्टुडिओचं भाडं, मिक्सिंग, व्हिडिओ यांत साठवलेले पैसे पहिल्याच गाण्यावर संपतात. स्पॉटिफायच्या संपादकांकडे प्लेलिस्टसाठी नव्या प्रकाशनातलं एकच गाणं सुचवता येतं आणि तेही ते प्रसिद्ध होण्याआधी. म्हणून पाचही गाणी एकदम टाकून देण्यापेक्षा कोणतं आधी, कोणतं नंतर, हे ठरवणं त्याच्यासाठी महत्त्वाचं असतं.

ऐकणाऱ्याच्या बाजूनेही एक गोष्ट आहे. लीड सिंगल येतं तेव्हा अल्बम कसा आहे, हे कुणालाच माहीत नसतं. अनोळखी श्रोत्यासमोर ते एकटं उभं राहतं आणि मागून येणाऱ्या गाण्यांसाठी वाट करून देतं. 'याड लागलं'ने लोकांचे कान 'सैराट'कडे वळवले, मग वरातींचा ताबा 'झिंगाट'ने घेतला. पहिलं गाणं कोणतं द्यायचं, हे कंपनी ठरवते. कोणतं ठेवून घ्यायचं, हे लोक ठरवतात. पुढच्या वेळी कमेंटमध्ये वाद रंगला, तर यातला नेमका कोणता प्रश्न चाललाय, तेवढं आधी विचारा.