दिव्याच्या खांबाचा शोभिवंत काँक्रीट पाया
बाग, चौक किंवा वाहनतळातील दिव्याचा खांब ज्यावर बोल्टने बसवतात, त्या ओतीव पायाचा जमिनीवर दिसणारा, नक्षीदार भाग. जमिनीखालचा भाग साधाच असतो; वाऱ्याचा रेटा पेलतो तो मात्र तोच. वरच्या भागासाठी पोलादी किंवा फायबरग्लासचा साचा वापरतात; दगडी पोत हवा असल्यास आत रबरी अस्तर लावतात. साच्याच्या बाजूंना किंचित उतार नसेल, तर तो सोडवताना कडा तुटतात. सळयांचा पिंजरा, केबलची नळी आणि टेम्प्लेटने धरलेले बोल्ट बसवून मग काँक्रीट ओततात. खरी कसोटी नक्षीची नव्हे, बोल्टची: ते सरकले तर खांब बसतच नाही. व्हायब्रेटर नीट न फिरवल्यास पृष्ठभागावर पोकळ्या राहतात; त्या बुजवल्या तरी ठिगळ दिसतेच. साध्या पोर्टलंड सिमेंटचे काँक्रीट किमान ७ दिवस ओले ठेवतात.