पान ४२ आणि दोन आवृत्त्या

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. निमित्त जरा रागाचं आहे.

गेल्या महिन्यात एका दिवंगत शिक्षकमित्रावर लेख लिहीत होतो. जुन्या कंप्युटरवर पुतण्याने लिनक्स घालून दिलंय. मागे अपडेट चालू होतं, मला पत्ताच नाही. नवा टॅब उघडला तर ब्राउझर म्हणे, मला बंद करून पुन्हा सुरू करा. केला. अर्धा लेख गेला. (जतन करायला मीच विसरलो, हे सौ.ने लगेच सांगितलं.) पुन्हा लिहायला बसलो, पण पहिली ओळ जशी जमली होती तशी काही जमेना.

पुतण्याला फोन केला. "काका, लायब्ऱ्या बदलल्या ना," तो म्हणाला. बराच वेळ समजावत होता. मला समजलं ते शाळेच्या भाषेत.

अभ्यासक्रम बदलला की जूनमध्ये निम्म्या वर्गाकडे नवं पुस्तक, निम्म्यांकडे ताईदादाचं जुनं. आपण म्हणावं "पान ४२ काढा", तर इकडे कविता आणि तिकडे धडा! प्रोग्रॅमचंही तसंच. बरंचसं काम 'लायब्ररी' नावाच्या वेगळ्या फायलींत असतं, ती लागेल तेव्हा उघडायची. २००८ साली क्रोम आला तो टॅबांसाठी वेगवेगळ्या प्रोसेस घेऊन, म्हणजे एक कोसळला तरी बाकीचे तगतात. पण या सगळ्यांना एकमेकांशी बोलावं लागतं. लिनक्समध्ये फाईल बदलली तरी आधीपासून चालू असलेल्याच्या हाती जुनीच प्रत राहते, नव्याने जन्मलेल्याला मात्र नवी मिळते. झाला पान ४२चा घोळ.

हे दुखणं जुनंच आहे. नव्वदच्या दशकात विंडोजवर एखादा नवा प्रोग्रॅम घातला की तो सामायिक फाईलवर आपली आवृत्ती चढवायचा, आणि दुसराच कुठला तरी बंद पडायचा. याला 'डीएलएल हेल' म्हणत. आपल्या देवनागरीलाही याची झळ लागली. विंडोज २००० मध्ये मंगल फॉन्ट आला, पण अक्षरं जोडायचं काम usp10.dll म्हणजे 'यूएसपी१०' या फाईलचं. ऑफिस २००३ आपली नवी प्रत वेगळ्या फोल्डरात घेऊन आलं. त्यामुळे तीच ओळ वर्डमध्ये एक दिसे, नोटपॅडमध्ये दुसरी. ब्लॉगच्या पहिल्या दिवसांत आपल्यापैकी काहींनी ती फाईल उचलून ब्राउझरच्या फोल्डरात टाकली होती, आठवतंय? आचार्यांना आणि आचाऱ्यांना एकाच पंगतीत बसवायचं नाही ना, मग करणार काय!

विंडोज एक्सपीपासून (२००१) दोन आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवायची सोय झाली. पण एकाच ब्राउझरच्या प्रोसेसना ती कशी पुरणार? तिथे सगळ्यांना एकच आवृत्ती हवी. लिनक्सवरच्या क्रोमने यावर काढलेली तोड मला फार आवडली. सुरुवातीलाच एक प्रोसेस सगळ्या लायब्ऱ्या उघडून बसते, आणि पुढचा प्रत्येक टॅब तिचीच नक्कल म्हणून जन्मतो. डिस्कवर काय बदललं याच्याशी त्याला कर्तव्य नाही. नाव दिलंय 'झायगोट', आपल्या विज्ञानाच्या पुस्तकातला युग्मनज. अँड्रॉइडमध्येही याच नावाची प्रोसेस आहे, पण तिथे मुख्य हेतू ॲप पटकन उघडावं आणि मेमरी वाचावी हा.

फुकट काहीच नाही म्हणा. बंद करेपर्यंत जुनीच आवृत्ती चालते, तिच्यातल्या सुरक्षेच्या भोकांसकट. आमच्या भिवंडीतसुद्धा नवा बीम चढवायचा तर माग थांबवावाच लागतो. फक्त कधी थांबवायचा ते मागवाला ठरवतो.

असो. मित्रावरचा लेख दोन-तीन दिवसांत टाकतो. या वेळी आधी वहीत लिहिलाय.