ब्रँच कोणती?

तुमची मुलगी केंब्रिजला इंजिनीअरिंगला गेली, की पुण्याच्या मावशीचा पहिला प्रश्न: ब्रँच कोणती? पहिली दोन वर्षं ब्रँचच नसते, हे तिला पटवून बघा!

याचं मूळ जुनं आहे. १८७५मध्ये जेम्स स्टुअर्ट इथे यंत्रशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. त्यांनी लाकडी शेडमध्ये वर्कशॉप थाटलं. विद्यार्थ्यांच्या हाती कानस आली आणि गणितावर पोसलेल्या विद्यापीठाने नाकं मुरडली. १८९०मध्ये त्यांच्या जागी आलेल्या युइंग यांनी गणितवाल्यांनाही राजी केलं. १८९४मध्ये पहिली ऑनर्स परीक्षा झाली. नाव ‘मेकॅनिकल सायन्सेस’, पण त्यात पदार्थांची ताकद, उष्णतेवर चालणारी इंजिनं, वीज, सगळं एकत्र.

मी पहिल्या दिवसापासून सिव्हिलवाला. आता पोस्टडॉक असूनही पुलावरच्या सेन्सरचं सर्किट बिघडलं, की दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारतो.