लिंगोची गाथा आणि स्कॉटलंडचा माणूस



मागच्या मासिक सभेत बचत, कर्जफेड, व्याज सगळं आटोपलं आणि अर्धा तास उरला. म्हणून आम्ही प्रश्नमंजूषा घेतली. पुरुष चौकटीचा घागरा नेसतात तो देश कोणता? उत्तर लगेच आलं, स्कॉटलंड. टीव्हीची कृपा! त्या देशाचा राष्ट्रीय प्राणी कोणता? एका शिंगाचा घोडा, जो जगात कुठंच नाही. बाया पोट धरून हसल्या. तिसऱ्या प्रश्नाला मात्र सगळ्या गप्प. आपल्या पारी कुपार लिंगोचा आणि स्कॉटलंडचा संबंध काय?

संबंध आहे, आणि तो नागपूरवरून येतो. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडमधल्या डन्स गावचे, जन्म 1817 चा. धर्मप्रचारासाठी 1845 मध्ये ते नागपूरला आले. पुढच्याच वर्षी त्यांनी शाळा काढली. आजचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. पण या माणसाला दगडांचा भारी नाद. नागपूरच्या आसपास फिरून त्यांनी दगडात रुतलेली जुनी पानं, जनावरांचे अवशेष गोळा केले. एका हिरवट खनिजाला त्यांचं नावही मिळालं.

दगड शोधता शोधता ते माणसांपाशी पोचले. गोंडांची भाषा, देव, चालीरीती ते टिपून ठेवू लागले. लिंगोची गाथा त्यांनी एका परधानाच्या तोंडून उतरवून घेतली. शब्द गोंडीच ठेवले, अक्षरं रोमन. हे त्यांनी चांगलं केलं असं आम्हाला वाटतं. नुसता इंग्रजी अर्थ लिहिला असता तर गाण्याचे बोल गेले असते.

पुस्तक मात्र त्यांनी पाहिलं नाही. 4 सप्टेंबर 1863 ला ते टाकळघाटकडची जुनी दगडी वर्तुळं पाहायला गेले होते. परतताना पूर आलेल्या ओढ्यात घोड्यावरून उतरले आणि बुडाले. सेहेचाळीस पूर्ण व्हायला चार दिवस बाकी होते. त्यांचे कागद रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्यानं 1866 मध्ये छापून आणले.

त्या गाथेत गुहेत कोंडलेल्या गोंडांना लिंगो सोडवतो. आपल्याकडे, सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला, माघ पौर्णिमेला जत्रा भरते ती याच कथेची. इथं सांगतात त्या कथेत काली कंकालीची मुलं आहेत, जंगो रायताड आहे. शिवाय हिरासुका पाटालीर आहे. त्याच्या वाद्याच्या जोरावर गुहेच्या तोंडचा दगड हलला आणि त्याच दगडाखाली तो गेला. वाजवणाऱ्याचं नाव लोकांनी असं जपलं. हिस्लॉपच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर मात्र लिहिणाऱ्याचं आणि छापणाऱ्याचं नाव आहे. गाणाऱ्या परधानाचं नाही.

हे आम्ही सभेत सांगितलं तेव्हा कोपऱ्यातली एक आजी म्हणाली, "मग माझं गाणं कोण लिहून घेते?" तिला लग्नातली गोंडी गाणी येतात, घरच्या सुनांना येत नाहीत.

त्याच दिवशी इतिवृत्ताच्या रजिस्टरची मागची पानं उघडली. दोन गाणी उतरवून झाली आहेत, देवनागरीत. दोन्हींच्या वर आधी आजीचं नाव लिहिलं, मग गाणं.