एका सुतार पक्ष्याचे पुनर्वसन

श्रोतेहो, सुतार पक्षी आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. वाळक्या खोडावर टकटक सुरू झाली की समजावे, स्वारी कामावर आली. पण आज ज्याची हकीकत सांगायची आहे, तो सुतार जरा जगावेगळा आहे. तो राहतो अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या आग्नेय भागात, पाइनच्या रानात. आणि ढोली कोरतो ती जिवंत पाइनमध्ये. लांबीने साळुंकीएवढा, पाठीवर काळेपांढरे पट्टे, गाल पांढरेशुभ्र. नराच्या काळ्या टोपीच्या कडेला लाल पिसांची बारीक रेघ असते. ती सहसा दिसतही नाही. पण इंग्रजीतले त्याचे नाव तिच्यावरूनच पडले.

आता जिवंत झाडच का? तर राळेसाठी. ढोलीच्या भोवती टोचे मारमारून हा पक्षी राळ वाहती ठेवतो. त्या चिकट लेपावरून अंड्या-पिलांसाठी चढणाऱ्या सापाला वर येणे कठीण होते. पण हीच राळ ढोलीच्या आत पाझरली तर पक्ष्याच्याच जिवावर बेतायची. म्हणून त्याला हवे असते जून झाड: गाभा जाड झालेला आणि तो गाभा बुरशीने मऊ पडलेला. असे झाड बहुधा ऐंशी-शंभर वर्षांचे असते, आणि त्यातही ढोली पुरी व्हायला काही वर्षे लागतात. तेव्हा ढोली म्हणजे या पक्ष्याचा वडिलोपार्जित वाडाच म्हणा ना! मुलगे पुष्कळदा आईबापांपाशीच राहतात आणि धाकट्या भावंडांना चारा भरवतात.

हे रान एके काळी केवढे होते? लांब सुयांच्या पाइनचे, म्हणजे लाँगलीफ पाइनचे, हे रान युरोपीय लोक तेथे येण्यापूर्वी सुमारे ९ कोटी एकरांवर पसरलेले होते. मग लाकडी जहाजांना डांबर हवे, म्हणून झाडांची राळ काढली गेली. पुढे आगगाडी आली, वखारी आल्या, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पन्नासेक वर्षांत बहुतेक जुने रान आडवे झाले. पुष्कळ ठिकाणी त्याच्या जागी लवकर वाढणारे दुसरे पाइन लावले गेले आणि पंचवीस-तीस वर्षांत तोडले जाऊ लागले. रान दिसायला हिरवे, पण सुताराच्या उपयोगाचे झाड त्यात एक नाही. विसाव्या शतकाच्या शेवटी लाँगलीफचे रान उरले सुमारे ३० लाख एकर.

दुसरा घाव बसला तो चांगल्या हेतूने. रानाला आग लागू द्यायची नाही, असे धोरण सरकारने धरले. ऐकायला किती बरे वाटते! पण हे रान आगीवरच वाढलेले. विजेने आणि तेथल्या मूळ रहिवाशांनी लावलेल्या आगीने दर काही वर्षांनी खालचे गवत जळे. लाँगलीफचे रोप पहिली काही वर्षे गवताच्या ठोंबासारखे जमिनीशी बसून असते. सुयांच्या झुबक्यात त्याचा कोंब सुरक्षित राहतो. आग बंद झाली तशी ओकसारखी झाडे दाटली, ढोलीच्या तोंडापर्यंत पोचली, आणि सुतार वाडे सोडून निघून गेले.

१९७० साली या पक्ष्याचे नाव नष्ट होऊ घातलेल्या प्राण्यांच्या यादीत गेले. १९७३ साली कडक कायदा आला. तरीही त्या दशकाच्या अखेरीस पक्ष्यांच्या वसत्या जेमतेम १,४७० उरल्या होत्या. आणि १९८९ च्या सप्टेंबरात ह्यूगो नावाचे चक्रीवादळ दक्षिण कॅरोलिनातील फ्रान्सिस मॅरियन या सरकारी रानावर आले. तेथले ६३ टक्के पक्षी मेले, ढोलीची ८७ टक्के झाडे पडली किंवा मोडली.

आता शंभर वर्षांची झाडे आणायची कोठून? येथे माणसाने सुतारकाम हाती घेतले. उरलेल्या झाडांना करवतीने खाच पाडायची, तीत लाकडी पेटी बसवायची, आणि पेटीत आयती ढोली! अशा शेकडो ढोल्या तेथे तयार केल्या गेल्या, आणि पक्षी त्यांत राहू लागले. त्याच सुमारास उत्तर कॅरोलिनात जेफ्री वॉल्टर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. रिकाम्या २० जागी झाडे पोखरून ढोल्या केल्या, दुसऱ्या २० जागा तशाच ठेवल्या. पहिल्यांपैकी १८ जागी पक्षी येऊन राहिले. दुसऱ्यांत एकही नाही. मुलगे आईबापांपाशी का राहत होते, याचा उलगडा झाला. त्यांना वेगळे बिऱ्हाड करायला घरच मिळत नव्हते!

पण मंडळी, सगळ्यांत अवघड गाठ झाडांची नव्हती, माणसांची होती. पुष्कळसे रान खाजगी मालकीचे. कायदा असा की, पक्षी तुमच्या रानात आला तर त्याच्या वस्तीची झाडे तोडायची नाहीत. मग मालकाने काय करावे? झाड जून होण्याआधीच तोडून मोकळे व्हावे! काही जणांनी नेमके तेच केले. पक्ष्यासाठी केलेला कायदा पक्ष्यावरच उलटला. रानाचा धनी पक्ष्याला पाहून धास्तावू लागला, तर त्या पक्ष्याला कोण वाचवणार?

यावर १९९५ साली उत्तर कॅरोलिनाच्या सँडहिल्स भागात तोड निघाली. सरकारने मालकांशी करार केले: आज तुमच्या रानात जेवढ्या वसत्या आहेत, तेवढ्यांची जबाबदारी तुमची. रान नीट राखलेत आणि त्यामुळे आणखी पक्षी आले, तर त्यांच्यापायी नवे बंधन नाही. भीती गेली. मालक झाडे जून होऊ देऊ लागले, ठरवून आग लावून खालची दाटी काढू लागले. हाच करार पुढे इतर राज्यांतही पसरला.

आज वसत्या सुमारे ७,८०० आहेत, अकरा राज्यांत. २०२४ साली सरकारने हा पक्षी अधिक धोक्याच्या यादीतून काढून कमी धोक्याच्या यादीत घातला. पण काम संपले असे मात्र नव्हे. जून झाडे पुरेशी होईपर्यंत पेट्या बसवाव्या लागतील, आणि आग तर दर दोन-चार वर्षांनी द्यावीच लागेल.

येथे एक सूचना केलीच पाहिजे. आगीचे हे शास्त्र त्या रानाचे आहे, तेही वारा-पाऊस पाहून, जाणत्या माणसांनी वापरायचे. आपल्या डोंगरावर काडी ओढायला तो परवाना नव्हे; आपल्याकडचा वणवा रोपे जाळतो आणि माती उघडी पाडतो. ज्या रानाला जे मानवते ते ओळखायचे, ही खरी राखण. शिक्षक बंधुभगिनींनी वर्गात एवढे जरूर विचारावे: गावच्या रानात एखादा दुर्मिळ पक्षी आला, तर रानाच्या मालकाला आनंद होईल की धाक वाटेल? आणि धाक वाटणार असेल, तर आधी काय बदलायला हवे?