माझा पहिला गँट चार्ट

परवा माळा आवरताना एक घबाड सापडलं. चार कागद सेलोटेपने जोडून केलेला माझा पहिला गँट चार्ट, 2002 सालचा!

तोवर मी एचटीएमएल आणि पीएचपी लिहायचे. एका सोमवारी सरांनी बोलावून सांगितलं, "उद्यापासून हे प्रोजेक्ट तू बघायचंस." झाले मॅनेजर! आईने विचारलं, "म्हणजे तू आता नक्की करतेस काय गं?" म्हटलं, दुसऱ्यांकडून काम करून घेते. "मग पगार कशाचा?" ...काही महिने तरी या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

काम होतं हॉटेल बुकिंगच्या साइटचं. तीन माणसं, तीन महिने. चार्टवर आधी रिक्वायरमेंट, मग डिझाइन, मग कोडिंग, शेवटी टेस्टिंग. एक पट्टी संपली की दुसरी सुरू. कसं छान दिसत होतं!

या पट्ट्या आल्या कुठून, हे मी फार नंतर वाचलं. हेन्री गँट या अमेरिकन इंजिनिअरचे तक्ते पहिल्या महायुद्धात दारूगोळा आणि जहाजांच्या कामासाठी वापरले गेले. (पोलंडच्या कारोल आदामिएत्स्कीने 1896 मध्येच असं काहीतरी काढलं होतं, पण तो लिहायचा पोलिश आणि रशियनमध्ये. नाव झालं गँटचं. मराठीत ब्लॉग लिहिणाऱ्यांनी काय ते समजून घ्यावं.) तोफगोळा कसा हवा हे आधी ठरलेलं असतं. वेबसाइट कशी हवी हे गिऱ्हाइकाला ती समोर दिसल्यावर कळतं.

आणि ती एकाखाली एक पायऱ्यांची पद्धत, जिला वॉटरफॉल म्हणतात? तिचं मूळ म्हणून विन्स्टन रॉइसच्या 1970 च्या लेखाकडे बोट दाखवतात. त्या लेखात वॉटरफॉल हा शब्दच नाही! उलट पायऱ्यांची आकृती काढून रॉइस लगेच सांगतो, की हे असंच राबवणं धोक्याचं आहे, कारण खऱ्या अडचणी टेस्टिंगमध्ये, म्हणजे अगदी शेवटी कळतात. नवीन प्रकारचं काम असेल तर आधी एकदा लहान प्रमाणात करून बघा, गिऱ्हाइकाला मध्ये मध्ये सामील करून घ्या, असं तो सुचवतो. लोकांनी चित्र उचललं, मजकूर सोडला. मी तर चित्रही उसनंच घेतलं होतं.

व्हायचं तेच झालं. टेस्टिंगच्या आठवड्यात इंटरनेट एक्सप्लोरर 6 मध्ये नीट दिसणारी पानं नेटस्केप 4 मध्ये पार विस्कटली. त्यातच गिऱ्हाइकाने साइट पहिल्यांदा पाहिली आणि म्हणाले, "अहो, आमच्याकडे बुकिंग असं होतच नाही."

मी सरांकडे आणखी तीन माणसं मागितली, मिळाली. तिघांत बोलायच्या जोड्या तीन असतात, सहा जणांत पंधरा. आयबीएमच्या ओएस/360 चं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्सने 1975 च्या पुस्तकात हेच मांडलं होतं, की रखडलेल्या कामात माणसं ओतली की ते आणखी रखडतं. 2022 मध्ये ब्रुक्स गेले तेव्हा ते पुस्तक पुन्हा काढलं आणि मला तो मुलगा आठवला.

सगळा कोड एकट्या त्याला माहीत होता. दिवसभर तो नव्या तिघांना समजावत बसायचा आणि स्वतःचं काम रात्री करायचा. एकदा म्हणाला, "मॅडम, यांना शिकवू की बग काढू?" मी म्हटलं, "दोन्ही." आठवड्याच्या रिपोर्टमध्ये उशिराचं कारण म्हणून मी त्याच्या मॉड्यूलचं नाव लिहिलं. खोटं नव्हतं ते. चार्टवर त्याचीच पट्टी लांबलेली होती, लाल पेनने मीच वाढवलेली.

साइट अडीच महिने उशिरा सुरू झाली. तोवर तो नोकरी सोडून गेला होता. जाताना त्या तिघांसाठी अकरा पानं लिहून ठेवली होती, कुठे काय आहे ते सगळं. आम्ही पुढे वर्षभर तीच वापरली. माळ्यावर तीही असतील म्हणून सगळं उपसलं, पण ती काही सापडली नाहीत.