तळटीप : पुरुष नसबंदी आणि मज्जातंतू

* पुरुष नसबंदीनंतर ताकद जाते, उसाची मोळी उचलवत नाही, ही समजूत पलूस-कुंडलच्या ऊसपट्ट्यापुरती नाही, शहरांतही आढळते. ती निराधार आहे. या शस्त्रक्रियेत अंडकोशातली शुक्रवाहिनी कापून बांधतात. ताठरता जाण्याचीही भीती नको, तिचे मज्जातंतू तिथे नसतातच. ते ओटीपोटात प्रोस्टेट ग्रंथीच्या दोन्ही कडांना चिकटून खाली उतरतात. शिश्नाची संवेदना नेणारा तंतू वेगळा, तो जघनास्थीखालून शिश्नाच्या वरच्या बाजूने जातो. ताठरतेच्या तंतूंना धोका खरा असतो तो प्रोस्टेटच्या कर्करोगात ग्रंथी काढताना. १९८२ साली डॉ. पॅट्रिक वॉल्श यांनी बाल्टिमोरला हे तंतू राखून ग्रंथी काढली. त्याआधी बहुतेकांची ताठरता जात असे. नसबंदीनंतर काहींना वृषणात दुखणे राहते. ते अंगावर काढू नये, सर्जनला दाखवावे. — संपादक